कुंड्यांना पाणी टाकलं होतं

माझी बायको गेली त्या सकाळी तिने सुनेच्या हातचं पाणी तोंडात घेतलं नाही. दिग्रसला आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि तिचं कारणही सगळे सांगतात. सासू नागपूरच्या दवाखान्यात पडलेली असताना सुनेने तिच्या झाडांना पाणी टाकलं नाही, सगळी झाडं वाळवली, वर फोनवर खोटं सांगत राहिली, म्हणून सासूने शेवटी तिला दूर ठेवलं. पाणी घेतलं नाही हे खरं आहे. बाकीचं खरं नाही. ते खरं नाही हे मला बायको जिवंत असतानाच कळलेलं होतं.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. शेतकऱ्याची गाडी आली की कापूस मुठीत दाबून त्यात ओल किती, पत्तीचा कचरा किती, हे बघणं माझं काम. निवृत्त झालो तेव्हा घरात मला करण्यासारखं काही उरलं नाही. बायकोला मात्र दिवस पुरत नव्हता, कारण गच्चीवर तिची झाडं होती. मोगरा, जास्वंद, सदाफुली, गवती चहा, गोडलिंब, तुळशी. फुटक्या बादल्या, रंगाचे डबे, कापलेली तेलाची पिंपं आणि थोड्या सिमेंटच्या कुंड्या. विकत आणलेलं झाड त्यात एकही नसेल. ज्यांच्या घरी जाईल तिथून ती एखादी फांदी मागून आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बाया प्लास्टिकच्या वाट्या लुटायच्या, ही रुजवलेली रोपं वाण म्हणून द्यायची. गल्लीतल्या बहुतेक दारांत तिने दिलेलं काहीतरी लागलेलं होतं. त्यामुळे पुढे झाडं मेली तेव्हा ती आमच्या घरापुरती बातमी राहिली नाही.

कुंड्यांत आधी काळी माती होती, नेरकडच्या तिच्या भावाच्या शेतातली. ती जड. एका पावसाळ्यात गच्ची गळायला लागली तेव्हा मी ठरवून टाकलं की या मातीच्या वजनानेच स्लॅब खराब होतो आहे. जिनिंगच्या मागच्या बाजूला कचऱ्याचा जुना ढीग होता. रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे बारीक तंतू, सरकीची फोलपटं, सुक्या पानांचा चुरा, असं सगळं वर्षानुवर्षं तिथे पडून वरून काळं झालेलं. हातात घेतलं तर चहाच्या भुकटीसारखं हलकं. चौकीदार ओळखीचा होता. पोती भरली, ऑटोत टाकली आणि घरी आणली. फुकट मिळालं आणि वजनालाही नाही, याचा मला फार आनंद झाला होता. दिवाळी आटोपल्यावर सगळ्या कुंड्या रिकाम्या करून मी त्यात तेच भरलं, वरून नावापुरतं शेणखत.

बायकोने मूठभर उचलून बोटांनी चुरगाळलं.

"यात माती कुठी हाय?"

मी म्हणालो, खतच आहे हे, मातीपेक्षा सरस.

"जिनिंगनं तुम्हाले सोडलं, पण कचऱ्यानं काही सोडलं नाही," असं म्हणून ती हसली आणि पाण्याचा डबा आणायला गेली.

हिवाळाभर झाडं चांगली राहिली. ती सकाळ-संध्याकाळ पाणी टाकायची, कुंडी कोरडी अशी कधी होऊच द्यायची नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना गच्चीवर नेऊन खत दाखवायचो.

उन्हाळा लागता लागता तिच्या पोटात दुखू लागलं. यवतमाळच्या चकरा सुरू झाल्या. पहाटेची बस, तपासण्या, नातेवाइकाकडे मुक्काम, परत. त्या धावपळीत गच्चीकडे कोणी फिरकलं नाही. नळालाही तेव्हा आठवड्याने, कधी त्याहून उशिरा पाणी येत होतं. झाडांनी माना टाकल्या होत्या, पण ती मेली नव्हती. मग गाठ निघाली आणि आम्ही दोघं नागपूरला गेलो. घरी मुलगा आणि सून राहिले. मुलगा मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम करायचा, दिवसभर मोटारसायकलवर. झाडं सुनेवर आली. ती तिच्या हाती आली तेव्हाच कुंड्या आतून ठणठणीत कोरड्या झालेल्या होत्या, हे आज सांगता येतं. त्या दिवशी एसटी स्टँडवर बायको तिला कोणत्या झाडाला किती डबे हे बजावत होती, तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

सून बाभुळगावकडची, शेतकऱ्याघरची, बोलायला कमी. सासूचं आणि तिचं भांडण नव्हतं, पण फार जवळीकही नव्हती. सासू तिला स्वयंपाकघर देऊन मोकळी झाली होती, गच्चीवर मात्र हात लावू द्यायची नाही. त्यामुळे झाडं सोपवली गेली याचा सुनेला आनंदच झाला असावा. ड्रममधलं पाणी मोजूनमापून वापरायचं, भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं ठेवायचं आणि बादलीने वर चढवायचं, असं तिचं चालायचं. पाणी टाकलं की कुंडीच्या बुडातून लगेच बाहेर येई. तिला वाटे, पोटभर झालं. कोणालाही तेच वाटलं असतं.

आठ-पंधरा दिवसांनी तिचा मला फोन आला. बायको औषधाच्या गुंगीत होती. मी वॉर्डाबाहेर येऊन बोललो.

"मामाजी, झाडं सुकून राह्यली. पाणी तं रोज टाकून राह्यली मी. काय करू?"

मी म्हणालो, ऊन फार आहे, दुपटीने टाक. आणि वर म्हणालो, "आईले सांगू नको. विचारलं तं बरी हायेत म्हण. उगाच जिवाले लावून घेईल."

म्हणून बायको रोज फोनवर विचारायची आणि सून रोज सांगायची, "हो आई, बरी हायेत." जे खोटं तिच्या नावावर लागलं ते मी शिकवलेलं होतं.

दुपटीने टाकलेलं पाणीही तसंच वाहून गेलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ कळला. बायकोलाही कळला असावा. घरी आल्यावर तिने पलंग बघितला नाही, आधी गच्ची म्हणाली. मुलाने आणि मी दोन्हीकडून धरून तिला वर नेलं. वरच्या पायरीवर बसून तिने पाहिलं. सगळं तपकिरी होऊन उभं होतं. तुळशीच्या काड्या राहिल्या होत्या. मोगऱ्याची पानं अजून फांदीला चिकटलेली होती, हात लावला तर चुरा होणारी.

"तू तं म्हणत होती बरी हायेत," ती सुनेला म्हणाली.

सून माझ्याकडे बघत होती. मी कुंड्यांकडे बघत राहिलो.

"पाणी टाकलं आई मी. रोज टाकलं."

"टाकलं तं हे काय झालं?"

मुलगा तापला. "काहून खोटं बोलून राह्यली? नाही जमलं तं नाही जमलं म्हण ना."

तेव्हा मी मध्ये पडलो. "एखाद दिवस राहून गेलं असंल," मी म्हणालो. आवाज समजुतीचा होता, पण त्या वाक्याने निकाल लागला. सुनेने माझ्यावरची नजर काढून घेतली आणि ती खाली गेली. फोनवर मी तिला काय सांगितलं होतं ते ती बोलली नाही.

भेटायला येणाऱ्या बायांना बायको झाडांचंच सांगायची. आजाराचं कमी. माणूस इतक्या लवकर आपल्याला मेल्यात धरतो, असं ती म्हणायची. सून चहा घेऊन यायची आणि बोलणं थांबायचं.

त्याच दिवसांत बाजूचे शेजारी मला दारात भेटले. आमच्या गच्चीचं पाणी त्यांच्या भिंतीवर उतरतं. "तुमच्या सुनेनं आमच्या भिंतीचा नकाशा करून टाकला भाऊ," ते हसून म्हणाले, "रोजच्या रोज धार. मी म्हटलं, जाऊ द्या, सासूबाईची झाडं हायेत." मी बघितलं. भिंतीवर पांढरे ओघळ होते, एकावर एक. मीही हसलो. घरात येऊन हे कोणालाच सांगितलं नाही. तेव्हा मी स्वतःला म्हटलं, पाणी थोडंफार टाकलं असेल, वेळेवर टाकलं नसेल.

बायको अंथरुणाला खिळल्यावर मी एका सकाळी गच्ची साफ करायला गेलो. वर ती झाडं तशीच उभी आहेत या विचाराने तिला त्रास होतो, असं मी घरात सांगितलं होतं. खरं तर मलाच त्या काड्या बघवत नव्हत्या. मोगऱ्याचं खोड ओढलं तर निघेना, म्हणून कुंडी मऊ व्हावी यासाठी मी मगभर पाणी ओतलं. पाणी क्षणात खालून निघालं. आणखी ओतलं, तेही निघालं. मग ओढल्यावर खोडासकट सगळा ठोकळाच बाहेर आला, बादलीच्या आकाराचा. बाहेरून बोटभर ओला, पण फोडला तर आतून धूळ उडाली. मुळं त्या धुळीत जाळ्यासारखी वाळलेली. फुटलेल्या तुकड्यावर मी पाणी टाकलं. थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे राहिले आणि घरंगळून गेले.

बाकीच्या कुंड्याही मी उलट्या केल्या. सगळीकडे तेच.

मला त्यासाठी कोणाला विचारावं लागलं नाही. कच्ची रुई पाणी पीत नाही, हे जिनिंगमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. तिच्यावर जन्मतःच मेणासारखा थर असतो. हौदात टाकली तर ती तरंगत राहते. औषधाच्या दुकानातला कापूस पाणी शोषतो, तो उकळून धुतलेला असतो म्हणून. आम्ही नव्या माणसाला हे गंमत म्हणून दाखवायचो. ढिगातला कचरा वरून कुजलेला होता, आत रुई तशीच होती. ओला होता तोवर चालला. एकदा आतपर्यंत वाळला आणि त्याने पाण्याला आत येणंच बंद केलं. सुनेने घागरी ओतल्या असत्या तरी त्या कडेने खाली उतरून शेजाऱ्याच्या भिंतीवरच गेल्या असत्या.

खात्री करायला मी एक ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाकलं. तरंगलं. वर वीट ठेवून दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तेव्हा त्यातून बुडबुडे येत होते आणि ते काळं, जड होऊ लागलं होतं. म्हणजे उपाय होता आणि तो इतकाच होता. कुंडी अख्खी पाण्यात बुडवून ठेवायची, आतला जीव पुन्हा ओला होईपर्यंत. नागपूरच्या वॉर्डाबाहेर फोन धरून उभा असताना मी क्षणभर विचार केला असता, तर कचरा मीच भरलाय आणि तो कसला आहे, हे मलाच आठवायला हवं होतं. मी दुपटीने टाक म्हणालो होतो.

बायको खाली जागी होती. जिना उतरून तिला सांगायचं होतं. मी हात धुतले, खाली आलो आणि तिच्याजवळ बसलो. तिने नेहमीसारखा माझा हात धरला.

त्या दिवसांत ती माझ्याशिवाय कोणाच्या हातून औषध घेत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझा हात असा धरून ठेवलेला मला आठवत नाही. तिचा सगळा राग सुनेवर होता, आणि त्याची दुसरी बाजू म्हणजे सगळा लोभ माझ्यावर होता. सांगितलं असतं तर तिला मातीचा प्रश्न आठवला असता, फोनवरचं खोटं कोणाचं ते कळलं असतं, आणि तिने हात काढून घेतला असता. उरलेल्या थोड्या दिवसांसाठी मला तो हात हवा होता. सून तरुण आहे, तिला पुढे आयुष्य आहे, ती विसरेल, अशी मी मनाची समजूत घातली.

ती गेली त्या सकाळी श्वास बदलला तेव्हा शेजारच्या बाईने आपल्या दारातल्या तुळशीचं पान आणलं. आमच्याकडे तुळस राहिली नव्हती. घरातल्या एकेकाने चमचाभर पाणी तोंडात घालायचं होतं. मुलाने घातलं, तिच्या बहिणीने घातलं, मी घातलं. सून पुढे आली. बायकोने डोळे उघडले, तिला पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "माह्या झाडायले नाही पाजलं. मले नको पाजू."

सून चमचा धरून उभी राहिली. खोली माणसांनी भरलेली होती. मी तिच्या हातून तो चमचा घेतला आणि तेच पाणी बायकोला पाजलं. माझ्या हातून तिने ते घेतलं. सून दाराशी जाऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथेच होती.

तेराव्यापर्यंत ते वाक्य गल्लीभर झालं. ज्या बायांनी वाणात रोपं नेली होती त्यांनी ते आणखी पुढे नेलं. काही महिन्यांनी मुलाने पुसदला बदली मागून घेतली. आजही सून सणाला येते, सगळं करते, पण पंगतीत पाणी वाढत नाही. पाण्याचा जग आणून मध्ये ठेवते आणि बाजूला होते. लोक म्हणतात, तोऱ्यात आहे.

गेल्या श्राद्धाला मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं. कचरा, रुई, बादलीतलं ढेकूळ, आणि हे सगळं मला केव्हा कळलं ते. ती वड्यांचं पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.

"मी टाकलं का नाही ते मले मालूमच हाय मामाजी," ती म्हणाली. "त्यायले सांगाचं होतं."

बायकोला आता सांगता येणार नव्हतं, म्हणून मी बाकीच्यांना सांगायचं ठरवलं. जेवणं झाल्यावर सगळे नातेवाईक आणि गल्लीतले लोक बसलेले असताना मी बोललो. चूक माझ्या खताची होती, सुनेने रोज पाणी टाकलं होतं, फोनवर बरी आहेत म्हण असं मीच तिला सांगितलं होतं. मग बायकोच्या बहिणीने डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी, तुमचं मन मोठं हाय. सुनेसाठी सगळं आपल्या अंगावर घेऊन राह्यले."

मी म्हणालो, अंगावर घेत नाही, तसंच झालं आहे. शेजारी मान हलवत म्हणाले की असा सासरा मिळायला नशीब लागतं. भिंतीवरच्या धारेची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, इतक्या दिवसांचं कोणाला आठवतं. मुलगा उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू द्या बाबा. झालं ते झालं. आम्ही काही मनात ठेवलं नाही." तोही मला समजूत घालत होता. आपल्या बायकोला माफ केल्यासारखा त्याचा चेहरा होता.

संध्याकाळी मी त्यांना बसवर सोडायला गेलो. मुलगा तिकडे पाण्याची बाटली घेत होता. सून पिशव्यांपाशी उभी होती.

"मामाजी, आता कोणाले सांगू नका."

मी म्हणालो, मी खरं तेच सांगितलं.

"खरंच सांगितलं. पण तुम्ही जितक्यांदा सांगान, तितक्यांदा तुम्हीच चांगले ठरता. मी हाय तिथंच राहते."

बस लागली आणि ती चढली.

तरी मी लिहितो आहे, आणि हे वाचूनही कोणी मला चांगला म्हणू नये म्हणून, जे मी त्या दिवशी बैठकीत सांगितलं नाही, सुनेलाही सांगितलेलं नाही, ते इथे लिहितो. गप्प राहिलो एवढंच मी केलं नाही.

बायको जायच्या थोडे दिवस आधीची दुपार होती. कूलर चालू होता आणि मी तिचे पाय चेपत होतो. कुंड्या उलट्या करून मला आठवडा तरी झाला असेल. तिला झोप लागली असं मला वाटलं होतं. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "तिनं खरंच नसंल टाकलं काय हो पाणी? पोरगी तशी वाटत नाही."

स्वतःहून तिने ते विचारलं. मला काही जुळवून आणावं लागणार नव्हतं, फक्त टाकलं होतं एवढं म्हणायचं होतं.

"नसंल टाकलं," मी म्हणालो. "जाऊ दे आता."

तिने डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तं तसंच असंल."